रोज चालूनही खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात

प्रश्न : वय ६६. रोज पाऊण तास चालतो, दम लागत नाही. पण बुटक्या सोफ्यावरून उठताना हात टेकावे लागतात. मध्यंतरी पायरीवर ठेच लागली तेव्हा तोलही सावरता आला नाही. माझं चालणं कमी पडतं आहे का?

उत्तर : चालणं दोन तास केलंत तरी ही तक्रार राहील. स्नायूत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. संथ तंतू न थकता काम करत राहतात आणि चालताना मुख्यतः तेच लागतात. वेगवान तंतू जोराच्या आणि झटक्याच्या कामाचे : खुर्चीतून उठणं, ठेच लागताच पाय पुढे टाकणं. वयाबरोबर बारीक होतात ते प्रामुख्याने हे दुसरे. म्हणून तुमचा दम टिकला आणि जोर गेला.

यात मज्जातंतूंचाही मोठा वाटा आहे. मांडीच्या स्नायूत मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी शेकडो तंतूंना हुकूम देते. उतारवयात अशा पेशी गळू लागतात. पोरक्या झालेल्या काही तंतूंना शेजारची चेतापेशी फांदी फोडून आपल्याकडे घेते. ती संथ जातीची असली की दत्तक तंतूही संथ होतो. ज्यांना कोणी घेत नाही ते नाहीसे होतात आणि स्नायूत चरबी व चिवट ऊती वाढतात. त्यामुळे मांडीचा घेर टेपवर फारसा न बदलताही आतला माल बदललेला असू शकतो. स्वीडनमधल्या १९८८ च्या एका अभ्यासात मृत पुरुषांच्या मांडीचा अख्खा स्नायू आडवा कापून तंतू मोजले, तेव्हा विशी ते ऐंशी या काळात त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्के घटलेलं दिसलं. तंतू बारीक झाले होतेच, पण मुख्य घट त्यांच्या संख्येतली होती. ताकद तर याहून वेगाने उतरते.

घरी तपासून बघा. हात नसलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठा-बसा. पाचव्यांदा पूर्ण ताठ उभं राहीपर्यंतची वेळ मोजा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा अधिक लागले तर डॉक्टरांना दाखवायला हवं. अर्धवट उठून बसलात तर ती फेरी धरू नका.

व्यायामही हाच. हात न टेकता जमत नसेल तर बसायला कडक उशी घेऊन उंची वाढवा. ८ ते १२ वेळा उठा, दोन मिनिटं थांबा, असे दोन-तीन संच करा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. उठताना जमेल तितक्या वेगाने, बसताना तीन आकडे मोजत सावकाश. गुडघे आत वळू देऊ नका. उठताना श्वास सोडा. कोंडून धरला तर रक्तदाब एकदम चढतो. बारा सहज जमू लागले की उशी काढा, पुढे हातात दोन किलो घ्या. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : वजन न वाढवता तेच सोपं उठणं चाळीस वेळा करतात. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, नाहीतर वेगवान तंतूंना कामाला बोलावणंच जात नाही. एक-दोन दिवस मांड्या दुखतील, ते चालेल. सांध्यात कळ आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा. पहिल्या महिन्यात जोर वाढेल, मांडी मात्र तेवढीच दिसेल, कारण आधी सुधारतो तो चेतापेशींचा हुकूम.

प्रश्न : आई ८८ वर्षांची आहे. या वयात वजनं कशाला, प्रथिनांची पावडर पुरणार नाही का?

उत्तर : एकटी पावडर नाही पुरत. अमेरिकेत १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे देखरेखीखाली पायाने जड वजनं उचलली, तेव्हा ताकद दुपटीहून वाढली. पुढे १९९४ मध्ये शंभर जणांवर तपासलं, तर नुसत्या पूरक आहाराने ताकद वाढली नाही. मात्र व्यायामाबरोबर प्रथिनं हवीतच. वयस्क स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाही : तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅम भागतं, तिथे आईंना सुमारे ०.४ ग्रॅम लागेल. वजन ५० किलो असेल तर २० ग्रॅम, तेही प्रत्येक जेवणात. सगळं रात्रीच्या ताटात ढकलू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आणि आजारपणात अंथरुणावरचे दिवस कमी ठेवा. धडधाकट वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर एकट्या पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेला होता.

प्रश्न : व्यायाम सोडला की स्नायूची चरबी होते, हे खरं का?

उत्तर : नाही. स्नायूतंतू आणि चरबीच्या पेशी वेगळ्या. व्यायाम थांबल्यावर तंतू बारीक होतात. खाणं तेवढंच राहिलं तर चरबी वाढते. दोन्ही एकदम घडतं, म्हणून तसं वाटतं.