टक्का १०० वर, फाइल वाटेतच

प्रश्न : आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमची ७०० एमबीची फाइल प्रेसच्या सर्व्हरवर पाठवायला पायथनच्या एफटीपीलिबमध्ये (एफटीपीने फाइली पाठवण्या-आणण्याची लायब्ररी) प्रोग्रॅम लिहिला, टीकिंटरच्या (खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररीच्या) खिडकीत प्रोग्रेस बार ठेवला आणि टक्के मोजणारं फंक्शन कॉलबॅक म्हणून, म्हणजे दर तुकड्यानंतर लायब्ररीने स्वतः बोलवायचं फंक्शन म्हणून, दिलं. बार १०० वर जाऊन थबकतो, कधी तिथेच अडकतो. तोवर खिडकी गोठलेली. तेच फंक्शन डाउनलोडला दिलं तर फाइल शून्य बाइटची! — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी १०० टक्क्यांचा अर्थ लावू. स्टोरबायनरी (एफटीपीलिबचं फाइल पाठवणारं फंक्शन) फाइलमधून ८१९२ बाइटचा तुकडा वाचतं, सॉकेटला (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला) देतं आणि मग तोच तुकडा कॉलबॅकच्या हाती ठेवतं. सॉकेटला दिला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) गेला, एवढंच. तो सर्व्हरवर पोचल्याची हमी त्यात नाही. म्हणूनच ५० केबीची फाइल पाठवलीत तर लाइन कितीही संथ असली तरी बार झटक्यात भरतो. शेवटच्या तुकड्यानंतर स्टोरबायनरी सर्व्हरच्या २२६ क्रमांकाच्या (‘पाठवणं पूर्ण झालं’ अशा) उत्तराची वाट पाहतं. तुमचा बार थबकतो तो इथे. तेव्हा १०० वर ‘सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत आहे’ असं लिहा, आणि ‘पोचली’ हा शब्द स्टोरबायनरी परतल्यावरच दाखवा.

कायमचं अडकणं निराळं. एफटीपीत आज्ञांचं कनेक्शन वेगळं, डेटाचं वेगळं. मोठी फाइल जात असताना आज्ञांचं कनेक्शन गप्प असतं. मधला राउटर ते बंद पडलं असं धरून तोडतो, आणि २२६ येतच नाही. एफटीपी ऑब्जेक्ट बनवताना ६० सेकंदांचा टाइमआउट द्या. तो उलटला तर पुन्हा लॉगिन करा, ‘टाइप आय’ (बायनरी पद्धत) ही आज्ञा पाठवा आणि मग साइझ, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइलचा आकार, विचारा; टाइप आयशिवाय बरेच सर्व्हर आकार सांगत नाहीत. आकार कमी भरला आणि सर्व्हर रेस्ट (अर्धवट राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू करण्याची आज्ञा) मानत असला, तर स्थानिक फाइलमध्ये तेवढ्या बाइटवर सीक करून (तिथपर्यंत पुढे जाऊन) स्टोरबायनरीच्या रेस्टमध्ये तोच आकडा द्या. कॉलबॅकची मोजणीही तिथूनच सुरू करा, नाहीतर बार कधीच पूर्ण भरणार नाही.

खिडकी गोठते कारण स्टोरबायनरी मुख्य थ्रेड (खिडकी चालवणारा कामाचा धागा) अडवून बसतं. ते वेगळ्या थ्रेडमध्ये चालवा, टक्के क्यूमध्ये (थ्रेडमधल्या निरोपांच्या रांगेत) टाका आणि मुख्य थ्रेडमध्ये टीकिंटरचं ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू वाचा. कॉलबॅकमधून थेट बारला हात लावू नका. तुमच्या फाइलला कॉलबॅक ८९,६०० वेळा धावतो, आणि तो परतल्याशिवाय पुढचा तुकडा वाचलाच जात नाही. त्यात जड काम ठेवलंत तर पाठवणंच मंदावेल. फक्त बेरीज करा, आणि पूर्णांक टक्का बदलला तरच क्यूत टाका.

डाउनलोडचं कारण साधं आहे. रेट्रबायनरीत (एफटीपीलिबच्या डाउनलोडच्या फंक्शनमध्ये) आलेला तुकडा डिस्कवर लिहिणं हे कॉलबॅकचंच काम. तुमचं फंक्शन नुसतं मोजतं, लिहीत नाही. त्यात आधी राइट करा, मग बेरीज.

प्रश्न : एफटीपी सोडून पॅरामिको या पायथन लायब्ररीने एसएफटीपी (एसएसएचवरून सुरक्षितपणे फाइली पाठवणं) सुरू केलं. मोजणीचं फंक्शन जुनंच, फक्त त्याला दोन आकडे घ्यायला लावले. आता टक्का सुरुवातीलाच १०० च्या पुढे पळतो. — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : पॅरामिकोचा ‘पुट’ (फाइल पाठवणारं फंक्शन) कॉलबॅकला दोन आकडे देतो : आतापर्यंत गेलेले एकूण बाइट आणि फाइलचा पूर्ण आकार. तुम्ही बेरजेचीच बेरीज करता आहात. पॅरामिको ३२ केबीचे तुकडे पाठवतं. ७०० एमबीच्या फाइलला तुमचा टक्का २१२ व्या तुकड्यालाच १०० ओलांडेल, म्हणजे जेमतेम ६.६ एमबी गेल्यावर. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, बेरीज काढून टाका. रिकाम्या फाइलला कॉलबॅक एकदाही धावत नाही, तेव्हा तिथे शून्याने भागण्याची भीती नाही.

लायब्ररी बदलली की कॉलबॅकला काय मिळतं ते दर वेळी वाचाच. बोटो३ (अॅमेझॉनच्या क्लाउडसाठीची पायथन लायब्ररी) उलट वागतं : ते फक्त नव्याने गेलेले बाइट सांगतं, म्हणून तिथे बेरीज हवीच. शिवाय मोठ्या फाइलला ते अनेक थ्रेडमधून कॉलबॅक चालवतं. बेरजेभोवती लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला बेरीज करू देणारं कुलूप) नसेल तर आकडे हरवतात.

पॅरामिकोच्या ‘पुट’मधला ‘कन्फर्म’ हा पर्याय मात्र बंद करू नका. पाठवून झाल्यावर ते सर्व्हरवरच्या फाइलचा आकार तपासतं आणि जुळला नाही तर एरर देतं.