मेंदूतला कृमी आणि कोबीवरचा आळ

प्रश्न : आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे. गेल्या महिन्यात नातीला फिट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूत कृमीची गाठ दिसली. कोबीतली अळी मेंदूत जाते असे शेजारी सांगतात, म्हणून कोबी बंद केला आहे. मांस न खाणाऱ्या घरात हा कृमी आला कसा?
– एक आजोबा, सोलापूर

उत्तर : कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. नातीच्या मेंदूतली गाठ ही पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) अळीची आहे आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात. ती विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात या अळ्या वाढतात आणि असे अर्धवट शिजलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी काही मीटर लांब वाढतो. त्याचे सुटे होऊन शौचावाटे पडणारे तुकडे चपटे, पांढरे असतात आणि एकेकात हजारो अंडी असतात. अशा माणसाने हात नीट न धुता कोशिंबीर चिरली, किंवा मैलापाण्यावर वाढलेली भाजी कच्ची खाण्यात आली, तर ती अंडी मांसाला कधी न शिवलेल्याच्याही पोटात जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. १९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डुकराचे मांस निषिद्ध मानणाऱ्या ज्यू कुटुंबांत हा आजार आढळला, तेव्हा त्यांच्या घरकामगारांपैकी एकाच्या पोटात पट्टकृमी सापडला. त्या व्यक्तीला दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण तीही रुग्णच असते आणि बहुधा औषधाच्या एका मात्रेने बरी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, या कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या अनेक भागांत अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या, सुमारे ३० टक्के रुग्णांचे मूळ कारण हाच आहे. म्हणजे ज्या मुलांची शाळा कायमची सुटते, ज्या मुलींचा आजार लग्नासाठी लपवला जातो, त्यांतल्या कितीतरी जणांचे हाल शौचालय, धुतलेले हात आणि बांधून पाळलेली डुकरे यांनी टळले असते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या तुंबेस भागात माणसांना व डुकरांना एकाच वेळी औषध आणि डुकरांना लसही देऊन शंभराहून अधिक गावांत हा प्रसार जवळजवळ थांबवला गेला.

एकच गाठ असेल तर ती पुष्कळदा काही महिन्यांत विरते. फिटचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. जंताची गोळीही परस्पर देऊ नका, कारण अळी मरताना मेंदूला सूज येऊन फिट वाढू शकते आणि म्हणूनच डॉक्टर सोबत स्टेरॉइड देतात. कोबी धुऊन, शिजवून खुशाल खा. कोबी बंद करण्याऐवजी घरातल्या सर्वांची आणि स्वयंपाक करणाऱ्यांची शौचतपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या.