पुस्तक घेण्याआधी आवृत्तीचं साल बघा

सांगलीत बसून डीएनएवरून वंशावळ शोधायला शिकताय, मनापासून आनंद झाला. पुस्तक निवडताना नावाआधी आवृत्तीचं साल बघा. या विषयावर लिहिणाऱ्या ब्लेन बेटिंगर यांचं पुस्तक घेणार असाल तर 2016 चं नको, 2019 ची दुसरी आवृत्ती घ्या. स्वस्तात मिळते म्हणून जुनी आवृत्ती घेणं ही पहिली चूक. डीएनए चाचणी करणाऱ्या कंपन्यांचे दर आणि गोपनीयतेचे नियम मात्र नव्या पुस्तकातूनही घेऊ नका, थेट त्यांच्या साइटवर तपासा.

अंतर्विवाहावर, म्हणजे आपापल्याच गोतावळ्यात होणाऱ्या लग्नांवर, प्रकरण आहे ना, हे नक्की पाहा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आलीत. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी 866 सेंटीमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) जुळतात असं तक्ते सांगतात, पण आपल्या घरांत हा आकडा फुगू शकतो आणि लांबचा नातेवाईक जवळचा वाटतो. हे प्रकरण दोनदा वाचा.

आणखी दोन चुका टाळा:
- चाचणीत येणाऱ्या वंशाच्या टक्केवारीला अंतिम निष्कर्ष मानणं
- कागद जमवण्याआधी चाचणीचं किट मागवणं

हेळव्याकडची (पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी जपणाऱ्याकडची) वंशावळ आणि तलाठ्याकडचे जुने फेरफार आधी मिळवा. वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए), हॅप्लोग्रुप (फार जुन्या समान पूर्वजाचा गट) सध्या राहू द्या. आजी-आजोबा असतील तर पहिला नमुना त्यांचा, त्यांना नीट समजावून, संमतीनेच.