ऑगस्टमधला पहिला तास

प्रश्न : अमेरिकेतल्या महाविद्यालयात इतकी वर्षे शिकवूनही नवे सत्र सुरू होताना आपल्याला धाकधूक वाटते का?

उत्तर : वाटते, आणि तिची सुरुवात अभ्यासक्रम आखण्यापासूनच होते. आपल्याकडे तो बहुधा विद्यापीठ ठरवून देते. येथे मात्र ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या सुमारे १५ आठवड्यांच्या ‘फॉल’ सत्रात काय वाचायचे आणि गुण कसे द्यायचे, हे बव्हंशी शिक्षकानेच लिहून पहिल्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे असते. आरंभीचे काही दिवस विद्यार्थ्यांना विषय बदलण्याची मुभा असल्यामुळे मी प्रयत्नपूर्वक पाठ केलेली काही नावे लवकरच हजेरीपटावरून गळतात. (ते मनाला लावून घेऊ नये, हे कळायला मला बराच काळ लागला.) वर्ग खऱ्या अर्थाने जुळतो तो नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग या सणाच्या सुमारास, म्हणजे सत्र संपत आल्यावर.