कडी अजून अडकते आहे

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आईबरोबर घरी आलास. आम्ही दोघं तासभर तुझ्याचविषयी बोलत बसलो आणि तुला ऐकू येत नसल्यानं तुझ्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. चूक माझी. म्हणून जे आईला सांगितलं ते, आणि जे सांगायचं राहिलं तेही, लिहून पाठवतो आहे.

आमचं बोलणं चाललं असताना तू दार बघत होतास. आमच्या दाराची कडी पावसाळ्यापासून कोयंड्यात नीट बसत नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. तू कडीला हातसुद्धा लावला नाहीस. वरच्या बिजागरीवर बोट ठेवलंस, दार जरासं उचललंस आणि माझ्याकडे पाहिलंस. स्क्रू ढिला, म्हणून दार खाली बसलेलं. जन्मभर फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं! तेव्हाच मी आईला म्हणालो, याला आयटीआयला पाठवा.

तुझ्या काकांनी मेणबत्त्यांच्या वर्गाचं सुचवलंय म्हणे. सहा महिन्यांचा ‘डिप्लोमा’. मेणबत्त्या-पणत्यांच्या कार्यशाळांना मी नावं ठेवत नाही. काही मुलांचा दिवस तिथे छान जातो, दिवाळीत चार पैसेही मिळतात. पण तुला ऐकू येत नाही, एवढ्यावरून तुझ्या हातांना काय जमेल हे कुणी कसं ठरवलं? आणि डिप्लोमा हा शब्द छापायला काही लागत नाही. परीक्षा कोण घेतं, ते विचार. आयटीआय असेल तर केंद्र सरकारचं प्रशिक्षण महासंचालनालय (डीजीटी), पॉलिटेक्निक असेल तर तंत्रशिक्षण मंडळ किंवा पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनासारखी स्वायत्त संस्था. ‘आम्हीच घेतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नववीतच कळायला हवं. दहावीला दिव्यांग मुलांना बोर्ड सवलती देतं. तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, तो घेच. भाषांमधली सूटही घे, त्यात कमीपणा नाही. पण गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय, ही सवलत समोर आली की थांब. शाळा ती मायेनंच देते, पोरगं सुटावं म्हणून. पण फिटर, टर्नर, मशिनिस्ट या ट्रेडना दहावीला विज्ञान आणि गणित लागतं. पोरगं दहावी सुटतं खरं, पण वर्षभरानं आयटीआयच्या खिडकीवर अडकतं. निकाल हातात घेऊन रडणारे आईबाप मी पाहिलेत. तुझं गणित बरं आहे, आईनं वही दाखवली. पस्तीस मिळाले तरी चालतील, पण नेहमीचं गणित ठेव.

‘बहिऱ्याला मशीनवर घेतात का’ असं आईनं दबकत विचारलं. घेतात. प्रत्येक ट्रेडच्या सरकारी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत, कुठल्या दिव्यांगत्वाची मुलं तो करू शकतात, याची एक ओळ असते. फिटरच्या पुस्तिकेत त्या ओळीत कर्णबधिर आहेत. खिडकीवरच्या माणसानं मान हलवली तर ती ओळ दाखवायची, वाद घालायचा नाही.

माझ्याकडे तुझ्यासारखा एक मुलगा होता. पहिले दोन महिने मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिलो आणि तो मागे गप्प बसून राहिला. मला वाटलं, मंद आहे. मग एकदा ड्रिलिंग मशीनवर त्यानं मध्येच हात थांबवला, मशीन बंद केलं आणि बिट काढून माझ्यापुढे धरलं. धार गेली होती. बोथट बिट किंचाळतं, आम्ही कानानं ओळखतो. त्या दिवशी मात्र ते अजून किंचाळायलाच लागलं नव्हतं. त्याला ते हँडलवरच्या तळहाताला कळलं होतं, आमच्या आधी. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याकडे पाठ करून बोलायला शिकलो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी!

त्यालाही जड गेलं ते हातकाम नव्हे, भाषा. टॉलरन्स, क्लिअरन्स, लीस्ट काउंट हे शब्द ऐकणाऱ्या मुलांच्या कानांवर वर्कशॉपमध्ये दिवसभर पडत असतात, त्याच्या कधीच पडले नाहीत. त्यानं एक वही केली. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर शब्द. तू आजपासून सुरू कर. पहिल्या पानावर बिजागरी काढ.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून नाही, ते आधी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात कानांची तपासणी. दोन-तीन खेपा होतील, डबा घेऊन जा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त नोंदलं गेलं, की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं आरक्षण लागू होतं. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांना, त्यातला एक टक्का कर्णबधिरांचा. पण जागा राखीव असली तरी हातात ट्रेडचं प्रमाणपत्र लागतंच.

फिटरची दोन वर्षं झाली की लगेच कायमच्या नोकरीमागे धावू नकोस. भोसरीत नाहीतर चाकणला अप्रेंटिसशिप कर, विद्यावेतनही मिळतं. पुढे शिकावंसं वाटलं तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तो मुलगा गेला नाही, त्याला शॉपच आवडायचं. तुझं तू ठरव.

शॉपमधल्या गोंगाटात श्रवणयंत्र सगळंच मोठं करतं, डोकं उठतं. बरीच मुलं तिथे ते काढून ठेवतात. काढलंस तर शेजारच्याशी आधी खूण ठरवून ठेव: खांद्यावर हात पडला की मशीन बंद. मागून येऊन कुणी अचानक धक्का द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्या बॅचला लिहून दाखव. लाजू नकोस, बोटं तुझी आहेत.

येत्या रविवारी औंधच्या आयटीआयपर्यंत चक्कर मारू. आत सोडणार नाहीत बहुधा, पण रस्ता तरी बघून ठेवू. त्याआधी सकाळी घरी ये. लोखंडी पट्टीचा एक तुकडा आणि दहा इंची कानस काढून ठेवली आहे. एक कड घासायची, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच दिसतो, दंड भरून येतात. आईला सांग, जेवायला इथेच.

बिजागरीला मी हात लावलेला नाही. स्क्रूड्रायव्हर आणू नकोस, घरात आहे.

तुझा,
आजोबा म्हण, नाहीतर सर म्हण