प्राच्यविद्या म्हणजे प्राचीन विद्या का?

प्रश्न असा : विद्यापीठांत संस्कृत, पाली, अवेस्ता (पारशांच्या धर्मग्रंथांची भाषा) शिकवणाऱ्या विभागांच्या इतिहासात ‘प्राच्यविद्या’ हा शब्द सारखा भेटतो. तो ‘प्राचीन विद्या’चाच आटोपशीर पर्याय समजावा का?

नाही. प्राच्य म्हणजे पूर्वेकडचा, प्राचीन म्हणजे जुना. पण घोटाळा होतो त्याला कारण आहे, कारण दोन्ही शब्द एकाच घरातले. ‘प्र’ आणि ‘अञ्च्’ (जाणे, वळणे) मिळून ‘प्राच्’ होतो, म्हणजे पुढे वळलेला. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोरची ती प्राची, पाठीमागची प्रतीची, उजव्या हाताची दक्षिणा. ‘प्राच्’ला यत् प्रत्यय लागला की प्राच्य (पाणिनीच्या व्याकरणातले सूत्र ४.२.१०१, प्रतीच्य, उदीच्य आणि दिव्य याच सूत्रातले). ख प्रत्यय लागला (५.४.८) की त्या ‘ख’चा ‘ईन’ होऊन प्राचीन.

जुन्या संस्कृतात प्राचीनचाही अर्थ ‘पूर्वेकडे वळलेला’ असाच होता. यज्ञशाळेला ‘प्राचीनवंश’ म्हणत ते तिचे आढे पूर्वेकडे केलेले असे म्हणून, शाळा जुनी म्हणून नव्हे. जे पुढे ते आधीचे, या वाटेने दिशेचा शब्द काळाचा झाला. आपण रोज बोलतो त्या मराठीतही हेच घडले आहे : ‘पूर्वेला’ आणि ‘पूर्वी’. प्रागैतिहासिक, प्राक्कथन यांतला ‘प्राक्’ही काळाचाच. प्राचीन काळाकडे सरकला, प्राच्य मात्र दिशेलाच धरून राहिला.

विद्यापीठांत हा शब्द आला तो युरोपातल्या ‘ओरिएंटल’साठी. तिथे त्या नावाखाली अरबी, फारसी, चिनी, संस्कृत असे सगळे एकत्र नांदत होते, जुने आणि चालू दोन्ही. पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था निघाली, १९१९ साली तिथेच प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. आपल्याकडचे काम मुख्यतः संस्कृत, पाली, अर्धमागधीचे. या भाषा पूर्वेकडच्याही आणि जुन्याही, त्यामुळे दोन अर्थांतली भेग दिसतच नाही.

ती दिसते बाहेर पाहिले की. ग्रीक आणि लॅटिन प्राचीन आहेत, प्राच्य नाहीत. त्यांच्या विभागाला मराठीत ‘अभिजात भाषा विभाग’ म्हणणे बरे. आजची जपानी प्राच्य आहे, प्राचीन नाही. मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली जुनी अक्कादी भाषा दोन्ही. शिकागो विद्यापीठाच्या ‘ओरिएंटल इन्स्टिट्यूट’ने तर २०२३ साली ते नाव टाकून ‘प्राचीन संस्कृतींच्या अभ्यासाची संस्था’ अशा अर्थाचे नाव घेतले. म्हणजे प्राच्य सोडून प्राचीन! केंब्रिजने २००७ साली आणि ऑक्सफर्डने २०२२ साली ‘ओरिएंटल’ काढून ‘आशियाई आणि मध्यपूर्व’ केले. विभागाचा इतिहास लिहिताना म्हणूनच ज्या सालाची हकीकत, त्या सालचे नाव द्यावे. १९५०च्या ऑक्सफर्डला प्राच्यविद्या चालेल, आजच्या विभागाला तेच नाव दिले तर चूक होईल. आणि केवळ भारताबद्दल बोलायचे असेल तर ‘भारतविद्या’ हा नेमका शब्द हाताशी आहेच.

विरुद्धार्थी जोड्याही वेगळ्या ठेवाव्यात : प्राचीन–अर्वाचीन, प्राच्य–प्रतीच्य. मराठीत प्रतीच्य रुळला नाही, तिथे आपण पाश्चात्त्य वापरतो. त्यात ‘त’ दोनदा येतो, कारण तो ‘पश्चात्’ला ‘त्य’ लागून झाला आहे. ‘पाश्चात्य’ लिहिले की मुळातला एक त गळतो. ज्या सूत्राने (४.२.९८) दाक्षिणात्य आणि पाश्चात्त्य होतात, त्याच सूत्राने पूर्वेसाठी ‘पौरस्त्य’ होतो. ‘पौर्वात्य’ हा दाक्षिणात्यच्या साच्यावर मागाहून बेतलेला, ‘पाश्चिमात्य’ही तसाच. पौर्वात्य आता इतका मुरला आहे की त्याला अशुद्ध ठरवण्यात अर्थ नाही. पाश्चिमात्य मात्र मी टाळेन, कारण त्याच अर्थाचा घडीव शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.