भिंतीतली भोकं बुजवायची का?

वाचकांचे प्रश्न : पाण्याकाठची जुनी बांधकामं आणि तिथले जीव

प्रश्न : ताई, आमचा वाडा सांगलीत गावभागात आहे. खाली दगड, वर विटा, सगळं चुन्यातलं काम. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला पूर्ण बुडाला होता, तेव्हापासून भिंती ओल धरतात, पोपडे पडतात. भावजी म्हणतात की बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू आणि भोकं एकदाची बुजवून टाकू. पण वरच्या भोकांत आणि दरवाजाच्या कमानीखाली पाकोळ्यांची घरटी आहेत, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. काय करू?

उत्तर : आधी भावजींना थांबवा, पाकोळ्यांसाठी तर थांबवाच पण त्याच्या आधी भिंतीसाठी थांबवा. चुन्याची भिंत पाणी शोषते आणि ऊन-वारा लागला की हळूहळू सोडूनही देते, तिच्यावर सिमेंटचा थर चढला की ते पाणी बाहेर यायची वाट बंद होते, मग ओल आतच राहते, वर वर चढत जाते, पाण्याबरोबर आलेले क्षार विटेत साठतात आणि लोणा लागतो. बाहेरून एक-दोन वर्षं सगळं छान दिसतं आणि आत विटेचा भुगा होत असतो. हे मी आमच्याच घरचं सांगतेय. २००५ च्या पुरानंतर आमच्याकडं ज्यांना काम दिलं त्यांनी नदीकडच्या भिंतीला सिमेंट लावून दिलं, आम्हाला कुणालाच तेव्हा काही कळत नव्हतं, आणि काही वर्षांनी त्या गिलाव्याचा भलामोठा पापुद्रा पडला तर त्याच्या मागं शंभर वर्षांच्या विटा हातानं उकरता येत होत्या. फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

तर भिंत पूर्ण वाळू द्या, एक अख्खा उन्हाळा गेला तरी चालेल. आधी कुणी सिमेंट लावलं असेल तर ते सावकाश काढून घ्या. मग सुटलेल्या दर्जा (विटा-दगडांमधले सांधे) खरवडून चुन्यानंच भरायच्या, चुना, वाळू आणि विटांची भुकटी. आपल्याकडं जुने लोक त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे. घाणीवरचा, म्हणजे दगडी चाकाखाली मळलेला चुना माहीत असलेला गवंडी शोधावा लागेल, पण वाड्यांची-देवळांची कामं केलेली माणसं अजून आहेत, विचारत राहा. जिथं खरी तडा गेलीय, भिंत फुगलीय किंवा खांब खचलाय तिथं मात्र जुनं बांधकाम कळणाऱ्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

आता पाकोळ्या. घरटी खरंच पाकोळ्यांचीच आहेत का ते एकदा बघा. पिसं आणि गवत थुंकीनं चिकटवून केलेला ओबडधोबड गोळा असेल आणि उडताना पक्षी काळा व कमरेवर पांढरा पट्टा दिसत असेल तर पाकोळी. चिखलाची नीट अर्धी वाटी भिंतीला चिकटवलेली असेल तर ती भिंगरी, ती तारेवर बसते, पाकोळी कधीच बसत नाही. पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की तिला फांदीवर किंवा जमिनीवर बसणं जमतच नाही, ती फक्त उभ्या भिंतीला लटकू शकते, खाणं-पिणं सगळं उडता उडता. म्हणून तिला उंच भिंतीत जागा लागते आणि भोकाखाली मोकळी हवा लागते, म्हणजे सुटताना खाली झेप घेता येते. (कधी अंगणात पडलेली सापडली आणि जखम नसेल तर उंचावर जाऊन तळहातावर धरा, ती आपली आपण जाईल, हवेत फेकू नका.) जुन्या वेशी, देवळांचे मंडप, कमानी, वाडे, हेच तिचे डोंगरकडे. नव्या गुळगुळीत इमारतीत तिला जागाच नाही, त्यामुळं तुमच्या वाड्यातली भोकं बुजली तर ती शेजारच्या अपार्टमेंटमध्ये जाईल असं होत नाही.

आणि पिल्लं उडून गेली की घरटं रिकामं झालं असं पण नसतं, पाकोळ्या एरवीही रात्री त्याच घरट्यात झोपतात. म्हणून असं करा, आठवडाभर रोज तिन्हीसांजेला अंगणात खुर्ची टाकून बसा, थवा चिरकत वाड्याभोवती घिरट्या घालतो आणि एकेक जण आत शिरतो, कोण कुठल्या भोकात जातंय ते खडूनं कागदावर भिंतीचं चित्र काढून टिपून ठेवा. घरातल्या पोरांना द्या हे काम, आवडीनं करतील. त्या जागा सोडून बाकीचं काम करा, एका वेळी एकच बाजू. बांधताना परांचीसाठी (गवंड्यांना उभं राहायच्या मचाणासाठी) ठेवलेली ती भोकं असतील तर ती इतकी वर्षं आहेतच, त्यांनी भिंत पडत नाही. फक्त तोंडाशी उतार बाहेर द्या म्हणजे पाऊस आत जाणार नाही. भावजींना हे पण सांगा की रानपक्ष्यांची अंडी-घरटी नष्ट करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच धरलंय.

प्रश्न : ताई, मी कराडला विद्यानगरला राहतो, रोज सकाळी कृष्णा कॅनॉलच्या कडेनं फिरायला जातो. मागच्या महिन्यात पाणी सुटलं होतं तेव्हा तीन-चार प्राणी रांगेनं पोहत जाताना दिसले, डोकी फक्त वर. मित्र म्हणाला मुंगूस. एवढी मुंगसं पाण्यात कशी?

उत्तर : मुंगूस नव्हे, बहुतेक पाणमांजरं बघितलीत तुम्ही, नशीबवान आहात! मुंगूस पोहू शकतं पण असं कुटुंबानं रांगेत पोहत जाणं पाणमांजराचंच. पुन्हा दिसली तर शेपूट बघा, मुंगसाची झुपकेदार, पाणमांजराची जाड आणि टोकाकडं चपटी. काठावरच्या दगडांवर विष्ठा सापडली आणि तिच्यात माशांचे खवले, खेकड्यांची कवचं दिसली तर शंकाच नको.

तुमचा कॅनॉल खोडशीच्या बंधाऱ्यापासून नदीतूनच निघतो, ब्रिटिश काळातलं काम, त्यामुळं नदीतले जीव पाण्याबरोबर आत येतात. आवर्तन (कॅनॉलला पाणी सोडायची पाळी) बंद झालं की डबक्यांत मासे अडकतात आणि मग बगळे, वंचक, खंड्या यांची गर्दी होते, त्या आठवड्यात दुर्बीण घेऊन जा. मातीचा काठ जिथं शिल्लक आहे तिथं खंड्या आणि वेडे राघू बीळ खणून अंडी घालतात, दगडी बांधकामाच्या सांदीत घोरपड आणि मुंगूस राहतात. म्हणून कॅनॉलला अस्तरीकरण, म्हणजे आतून काँक्रीटचा थर, करताना मला धाकधूक होते. पाणी वाया जाऊ नये हे शेतकऱ्याच्या दृष्टीनं शंभर टक्के बरोबर आहे, शेवटच्या टोकाला पाणी पोचायलाच हवं, पण गुळगुळीत तिरक्या काँक्रीटवरून आत पडलेल्या जनावराला वर येता येत नाही, कुत्रं असो, वासरू असो की कोल्हा. ठरावीक अंतरावर खडबडीत उतार किंवा पायऱ्या ठेवल्या तर तेवढ्यानं भागतं, आणि चुकून पडलेलं माणूसही वाचतं. तुमच्या भागात असं काम निघालं तर ग्रामसभेत हा मुद्दा मांडा, काम झाल्यावर काही होत नाही.

प्रश्न : हरिपूरला संगमाजवळ मगर उन्हाला पडलेली दिसते, पोरं काठावरून दगड मारतात. मगर घाटावर येईल का?

उत्तर : दगड मारणं आधी बंद करा. ती ऊन खायला येते कारण तिचं अंग आतून गरम राहत नाही, तोंड उघडं ठेवून बसली म्हणजे चिडलीय असं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल अंडी घालायचा काळ, मादी घरट्याजवळच असते, त्या दिवसांत त्या काठाला जाऊच नका. घाटावर कपडे-भांडी धुताना, विशेषतः पहाटे आणि अंधार पडल्यावर, पाण्यात उतरू नका, पोरांना एकटं सोडू नका, माशांची-कोंबडीची घाण पाण्यात टाकू नका. वस्तीत शिरली तर वनविभागाला १९२६ वर फोन करा आणि माणसं येईपर्यंत गर्दी लांब ठेवा.